अमेरिकेत नोकरी गेल्यावर आरोग्य विमा कसा चालू ठेवतात: ‘कोब्रा’ कायद्याची ओळख

अमेरिकेतल्या कंपन्यांमध्ये नोकरकपात सुरू झाल्याच्या बातम्या आल्या की पुण्या-ठाण्यातल्या घरांतून तिकडे फोन जातात आणि पहिला प्रश्न व्हिसाचा असतो. तो स्वाभाविक आहे. पण तिथे राहणाऱ्या कुटुंबासमोर त्याच दिवशी तेवढाच निकडीचा दुसरा प्रश्न उभा असतो, तो आरोग्य विम्याचा. पासष्ट वर्षांखालील निम्म्याहून अधिक अमेरिकी रहिवाशांचा विमा नोकरीतून मिळणाऱ्या गटयोजनेचा असतो, आणि नोकरी संपली की ती योजनाही संपते: काही कंपन्यांत कामाच्या शेवटच्या दिवशी, काही कंपन्यांत त्या महिन्याच्या अखेरीस. म्हणूनच कामावरून कमी केल्याचे कळल्यावर एचआरला सर्वांत आधी विचारायची गोष्ट म्हणजे विमा नेमका कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे. पुढचे सारे हिशेब त्या तारखेवरून सुरू होतात.

नोकरी आणि विमा यांची ही गाठ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पडली. १९४२ मध्ये सरकारने महागाई रोखण्यासाठी पगारवाढीवर बंधने घातली, मात्र विम्यासारखे लाभ त्या बंधनांतून वगळले. त्यामुळे माणसे मिळवण्यासाठी कारखानदार पगाराऐवजी विमा देऊ लागले. पुढे १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेला विम्याचा प्रीमियम कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून पक्का बाहेर काढला आणि ही पद्धत कायमची झाली. तिचा तोटा नोकरी गेल्यावर दिसे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला नव्याने वैयक्तिक विमा घ्यायचा म्हटले तर विमा कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. या अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एका लांबलचक अर्थसंकल्पी विधेयकात काही कलमे घातली आणि अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ७ एप्रिल १९८६ रोजी त्यावर सही केली. त्या विधेयकाचे नाव ‘कन्सॉलिडेटेड ऑम्निबस बजेट रिकन्सिलिएशन ॲक्ट’ असे होते. विम्याशी काडीचाही संबंध न दाखवणाऱ्या या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कोब्रा’ हा शब्द रूढ झाला.

कोब्रा म्हणजे वेगळी विमा पॉलिसी नव्हे, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलेले बरे. नोकरीत असताना जी गटयोजना होती, तिच्यातच तात्पुरते टिकून राहण्याचा हा हक्क आहे. डॉक्टर, रुग्णालयांचे नेटवर्क आणि औषधांची यादी हे सारे तेच राहते. दातांचा आणि डोळ्यांचा विमा असेल तर तोही चालू ठेवता येतो. त्या वर्षात डिडक्टिबलपोटी, म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरावयाच्या रकमेपोटी, जे भरून झाले आहे तेही जमा धरले जाते. आयुर्विमा आणि अपंगत्व विमा मात्र यात येत नाहीत.

हक्क कोणाला आणि किती काळ

वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना, तसेच राज्य आणि स्थानिक सरकारांना हा कायदा लागू आहे. कंपनीने काढून टाकले तर हा हक्क मिळतोच, पण स्वतःहून राजीनामा दिला तरी मिळतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कामाचे तास कमी झाल्यामुळे विम्याची पात्रता गेली तरीही मिळतो. अपवाद एकच, तो म्हणजे गंभीर गैरवर्तनामुळे झालेली हकालपट्टी. आणि ‘काम समाधानकारक नव्हते’ एवढ्या शेऱ्याने ते गंभीर गैरवर्तन ठरत नाही.

नोकरी गेली किंवा तास कमी झाले तर मुदत १८ महिन्यांची असते. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, घटस्फोट झाला, किंवा मुलगा-मुलगी २६ वर्षांची होऊन आईवडिलांच्या योजनेतून बाहेर पडली, तर त्या त्या अवलंबिताला ३६ महिने मिळतात. कोब्राच्या पहिल्या ६० दिवसांत कोणी अपंग होते असे सोशल सिक्युरिटी खात्याने ठरवले तर १८ चे २९ महिने होऊ शकतात, पण वाढीव ११ महिन्यांसाठी प्रीमियम बराच चढा, म्हणजे एकूण खर्चाच्या दीडपटीपर्यंत लावता येतो.

या कायद्यातली फार उपयोगाची आणि तरीही दुर्लक्षित राहणारी तरतूद अशी की योजनेत असलेल्या प्रत्येकाला निवडीचा स्वतंत्र हक्क आहे. संपूर्ण कुटुंबाने कोब्रा घेतला पाहिजे किंवा कोणीच घेऊ नये, असे मुळीच नाही. समजा नोकरी पतीची होती आणि पत्नीचे गरोदरपणातले सातवे-आठवे महिने चालू आहेत, तर डॉक्टर आणि रुग्णालय बदलू नये म्हणून फक्त पत्नीने एका व्यक्तीच्या दराने कोब्रा घ्यावा आणि पती व थोरल्या मुलासाठी दुसरा स्वस्त विमा शोधावा, हे पूर्णपणे कायदेशीर आहे. कर्मचाऱ्याच्या कोब्राच्या काळात जन्मलेल्या बाळालाही त्याच योजनेत घेता येते, मात्र त्याची नोंद वेळेत करावी लागते.

ही रक्कम एवढी मोठी का वाटते

कोब्राचे पत्र उघडल्यावर पहिला धक्का रकमेचा बसतो. कंपनीने सूड म्हणून दर वाढवला, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. नोकरीत असताना पगारातून कापली जाणारी रक्कम हा खऱ्या प्रीमियमचा लहान वाटा असतो आणि मोठा वाटा कंपनी भरत असते. कोब्रात तो सगळा भार आपल्यावर येतो, शिवाय व्यवस्थापनाचे दोन टक्के. म्हणजे एकूण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत आकारणी करण्याची मुभा कायदा देतो.

केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार कंपन्यांच्या गटयोजनेत कुटुंबासाठीचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले सरासरी ६,२९६ डॉलर कर्मचारी भरत होता. म्हणजे जिथे दरमहा सुमारे ५२५ डॉलर कापले जात होते, तिथे कोब्रात सुमारे २,१७४ डॉलर लागतील. एका व्यक्तीसाठी हाच आकडा दरमहा सुमारे ११४ डॉलरवरून ७६१ डॉलरवर जातो. आपल्या योजनेचा अंदाज पत्र येण्याआधीच काढायचा असेल तर मोठ्या कंपन्या वर्षअखेरीला देतात तो डब्ल्यू-२ फॉर्म, म्हणजे पगार आणि कराचा तक्ता, पाहावा. त्यातल्या बाराव्या चौकटीत ‘डीडी’ या खुणेपुढे विम्याचा वर्षाचा एकूण खर्च, कंपनीचा आणि आपला मिळून, लिहिलेला असतो. जितके महिने विमा होता तितक्यांनी त्याला भागले आणि दोन टक्के वाढवले की दरमहा किती लागेल ते बरेचसे कळते.

सरकारने हा भार उचलल्याची उदाहरणे आहेत, पण ती संकटकाळातली. २००९ च्या मंदीत प्रीमियमचा ६५ टक्के वाटा सरकारने उचलला होता, आणि कोविडच्या काळात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२१ या सहा महिन्यांसाठी नोकरी गमावलेल्या पात्र लोकांचा संपूर्ण प्रीमियम. एरवी सवलत मिळालीच तर ती कंपनीकडून, नोकरी सोडतानाच्या समझोत्याचा भाग म्हणून. समझोत्यावर सही करण्याआधी ‘किती महिन्यांचा कोब्रा कंपनी भरेल’ असे विचारायला संकोच करू नये. आपल्याकडची माणसे पगाराच्या रकमेवर घासाघीस करतात आणि हा मुद्दा विसरतात. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठीचे करसवलतीचे बचत खाते, असेल तर त्यातल्या पैशांतूनही कोब्राचा प्रीमियम कर न लागता भरता येतो.

तारखांचा हिशेब

नोकरी संपल्यावर कंपनीने ३० दिवसांत योजनेच्या व्यवस्थापकाला कळवायचे, व्यवस्थापकाने पुढच्या १४ दिवसांत आपल्याला सूचना पाठवायची, आणि दोन्ही भूमिका कंपनीच्याच असतील तर एकूण ४४ दिवस, अशी कायद्याची चौकट आहे. सूचना बहुधा साध्या टपालाने आणि कधी न ऐकलेल्या एखाद्या व्यवस्थापन कंपनीच्या नावाने येते. जाहिरात समजून ती केराच्या टोपलीत जाण्याचा धोका खरा आहे. शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवले की पाठवणाऱ्याची जबाबदारी साधारणपणे संपते. म्हणून घर बदलणार असाल तर नवा पत्ता लेखी कळवावा.

सूचनेची तारीख किंवा विमा संपल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून निवडीसाठी किमान ६० दिवस मिळतात. निवड कळवल्यानंतर पहिला भरणा करायला आणखी ४५ दिवस असतात. आणि एकदा निवड करून पैसे भरले की संरक्षण मागील तारखेपासून, म्हणजे जुना विमा संपला त्या क्षणापासून सलग धरले जाते. कोब्राची सारी ताकद या तरतुदीत आहे, असे मला वाटते. तो महाग आहे हे खरेच, पण विचार करायला जो अवधी तो देतो त्याला पैसे पडत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. नोकरी १० मार्चला संपली, विमा ३१ मार्चपर्यंत चालला आणि १४ एप्रिलची तारीख असलेली सूचना आली. निवड कळवायला १३ जूनपर्यंत वेळ आहे. अगदी शेवटच्या दिवशी निवड केली तर पहिला भरणा २८ जुलैपर्यंत करता येतो. मे महिन्यात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, तर जूनमध्ये कोब्रा निवडून एप्रिलपासूनचे हप्ते भरले की ते बिल विम्यात बसते. काहीच झाले नाही आणि दरम्यान नवी नोकरी लागून तिचा विमा सुरू झाला, तर कोब्रा घेण्याची गरजच उरत नाही.

या वाट पाहण्याला मर्यादा आहेत. निवड होईपर्यंत रुग्णालयाच्या संगणकावर आपला विमा बंद दिसू शकतो, त्यामुळे आधी स्वतः पैसे भरून नंतर परतावा मागावा लागतो. निवड केल्यावर एप्रिल सोडून फक्त मेचा हप्ता भरतो, असे चालत नाही. शिवाय मिळालेल्या अर्जावर ‘मला कोब्रा नको’ असे लिहून पाठवले, तर ६० दिवसांच्या आत मत बदलता येते, पण मग संरक्षण मागील तारखेपासून मिळण्याचा भरवसा राहत नाही. तेव्हा निर्णय झाला नसेल तर नकार लिहून देऊ नये. अर्ज तसाच ठेवावा.

सर्वांत मोठी मर्यादा अशी की बाकीच्या दारांची मुदत कोब्राच्या आधी संपते. पती किंवा पत्नीच्या नोकरीतल्या गटयोजनेत शिरायचे असेल तर विमा गेल्यापासून साधारण ३० दिवस मिळतात, म्हणजे वरच्या उदाहरणात ३० एप्रिल. ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालच्या सरकारी मार्केटप्लेसवर विमा घ्यायला ६० दिवस मिळतात, म्हणजे ३० मे. जूनपर्यंत कोब्राच्या भरवशावर थांबलेल्या माणसाने १० जूनला रक्कम पाहून ‘हे परवडत नाही, मार्केटप्लेसवर जाऊ’ म्हटले, तर ते दार बंद झालेले असते आणि पुढची सर्वसाधारण नोंदणी १ नोव्हेंबरच्या सुमारास, तीही पुढच्या वर्षासाठी उघडते. कोब्रा घेऊन चार महिन्यांनी कंटाळून तो स्वतःहून सोडला तरी हेच होते, कारण स्वेच्छेने सोडणे किंवा हप्ता न भरणे हे विशेष नोंदणीचे, म्हणजे विमा गेल्यावर मिळणाऱ्या या ६० दिवसांच्या संधीचे, कारण मानले जात नाही. मात्र १८ महिने पूर्ण होऊन कोब्रा संपला, किंवा कंपनी भरत असलेला वाटा बंद झाला, तर विशेष नोंदणीची संधी पुन्हा मिळते.

कोब्रा की मार्केटप्लेस

२०१४ पासून कोणतीही विमा कंपनी मार्केटप्लेसवर जुन्या आजाराच्या कारणाने नकार देऊ शकत नाही किंवा त्यासाठी जास्त पैसे घेऊ शकत नाही. त्यामुळे १९८६ मध्ये कोब्रा ज्या कारणाने अत्यावश्यक होता ते कारण आज बरेचसे उरलेले नाही, आणि धडधाकट, उत्पन्न एकदम घटलेल्या कुटुंबाने मार्केटप्लेसचे दर पाहिल्याशिवाय कोब्रा घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. कॅलिफोर्नियात हे दर कव्हर्ड कॅलिफोर्नियावर, न्यू जर्सीत गेट कव्हर्ड न्यू जर्सीवर आणि टेक्साससारख्या राज्यांत हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्रीय संकेतस्थळावर पाहता येतात.

तरीही कोब्रा सरस ठरतो अशा परिस्थिती आहेत. केमोथेरपी चालू आहे किंवा बाळंतपण जवळ आले आहे आणि डॉक्टर नव्या योजनेच्या नेटवर्कमध्ये नाहीत. किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला आहे आणि वर्षाचे डिडक्टिबल भरून झाले आहे. नव्या योजनेत डिडक्टिबल शून्यापासून सुरू होते, त्यामुळे दरमहा सहाशे डॉलर वाचवताना पाच हजारांचे नवे डिडक्टिबल गळ्यात पडू शकते. केवळ हप्त्यांची तुलना इथे फसवी ठरते.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या लोकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. कोब्राचा हक्क गटयोजनेतल्या सदस्यत्वातून येतो, व्हिसाच्या प्रकारातून नव्हे. त्यामुळे तो एच-१बी धारकांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ धारकांनाही आहे. पण नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहण्याची जी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत २०१७ पासून मिळते, ती नोकरी संपल्याच्या दिवसापासून मोजतात, विमा संपल्यापासून नव्हे. आणि आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. वरच्या उदाहरणात ती ९ मेला संपते. दुसरी गोष्ट मार्केटप्लेसच्या हप्त्यावर मिळणाऱ्या करसवलतीची. कायदेशीर वास्तव्य असलेल्या एच-१बी धारकांना ती उत्पन्नाच्या निकषावर मिळू शकत होती. पण ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने २०२७ पासून ती नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी मोजक्या गटांपुरती ठेवली आहे. तेव्हा २०२७ पासून एच-१बी धारकाला मार्केटप्लेसचा पूर्ण दर आणि कोब्राचा दर यांची तुलना करावी लागेल, आणि जुने अनुभव सांगणाऱ्या मित्रांचे गणित त्याला लागू पडणार नाही.

पासष्टी ओलांडलेल्यांनी, म्हणजे १९७० आणि ८० च्या दशकांत तिकडे गेलेल्या पिढीने, एक खड्डा टाळायला हवा. नोकरीतली गटयोजना असेपर्यंत मेडिकेअरचा, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याचा, पार्ट बी (डॉक्टरांच्या उपचारांचा भाग) पुढे ढकलता येतो. पण कोब्रा हा ‘चालू नोकरीतला विमा’ मानला जात नाही. नोकरी संपल्यापासून आठ महिन्यांत पार्ट बी घेतला नाही, तर उशिराच्या दर बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड बहुधा आयुष्यभर लागतो. शिवाय मेडिकेअरला पात्र असलेल्या माणसाचे बिल कोब्रा योजना दुय्यम म्हणून हाताळू शकते, म्हणजे मेडिकेअरने जेवढे दिले असते तेवढे वगळून उरलेलेच देते. अशा वेळी आधी मेडिकेअर घ्यावे. कोब्राचा विचार हवा तर धाकट्या जोडीदारासाठी करावा.

लहान कंपनी, बंद पडलेली कंपनी

वीसपेक्षा कमी कर्मचारी असतील तर केंद्रीय कोब्रा लागू होत नाही, पण अनेक राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. कॅलिफोर्नियाचा कायदा २ ते १९ कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना लागू होतो, ३६ महिन्यांपर्यंत संरक्षण देतो आणि ११० टक्क्यांपर्यंत आकारणीची मुभा देतो. न्यूयॉर्कमध्येही मुदत ३६ महिने आहे. हे कायदे विमा कंपनीकडून घेतलेल्या योजनांना लागतात. कंपनी स्वतःच्या पैशांतून कर्मचाऱ्यांची बिले भरत असेल तर नाही.

कंपनीच बुडाली आणि तिने गटयोजना पूर्णपणे बंद केली, तर टिकून राहायला योजनाच उरत नाही आणि कोब्राही संपतो. स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तसे झाल्यास मार्केटप्लेसवर विशेष नोंदणीचा हक्क मिळतो. याउलट कंपनी चालू आहे, पण सूचनाच पाठवत नाही, असे असेल तर अमेरिकेच्या श्रम खात्यातील एम्प्लॉयी बेनिफिट्स सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनकडे तक्रार करता येते. सूचना न देणाऱ्याला न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकते. कोब्रा चालू असताना दरमहाच्या हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यातही भरणा झाला नाही तर संरक्षण संपते आणि ते पुन्हा चालू करण्याचे बंधन योजनेवर नसते.

भारतात परतायचे ठरले तर

भारतात गटविम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामक आयआरडीएआयने केली आहे आणि त्यात आधीच्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळते. पण ही सोय भारतातल्या पॉलिसींसाठी आहे. अमेरिकेतून परतणाऱ्याला भारतात नवी पॉलिसी घ्यावी लागते आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. त्यामुळे परतीचा निर्णय झाला की भारतातला अर्ज लवकर करावा.

इकडे आल्यावर कोब्राचे हप्ते भरत राहण्यात बहुधा अर्थ नसतो, कारण बहुतेक गटयोजना परदेशात फक्त तातडीच्या उपचारांचा खर्च देतात, काही तर तोही नाही. मात्र निवडीची मुदत देश सोडल्याने संपत नाही. वरच्या उदाहरणातले कुटुंब मे महिन्याच्या सुरुवातीला पुण्यात परतले आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत झालेल्या उपचारांचे मोठे बिल नंतर हाती आले, तरी १३ जूनपर्यंत निवडीचा अर्ज पाठवता येतो. अर्ज टपालात टाकल्याची तारीख ग्राह्य धरतात, पोहोचल्याची नव्हे. म्हणून पुण्यातून पाठवताना टपालाची पावती जपून ठेवावी, आणि परतण्यापूर्वी टपाल कोणाच्या तरी पत्त्यावर वळवून ठेवावे, म्हणजे ती सूचना आणि ते बिल दोन्ही वेळेत हाती येतील.